उंडीवरचा कोतवाल

अमुक पक्षी कोणता, असं विचारायला गेलं की बायोआत्या रंग ऐकूनच घ्यायची नाही. "काळा होता," म्हटलं की हातातलं काम न सोडता म्हणायची, "रंग शेवटी गो. बसला होता कुठे आणि करत होता काय, ते आधी सांग." आम्हा पोरींनी ते कुठलं पाहिलेलं असायला! मग ती आम्हाला पुन्हा बघायला पिटाळायची.

बायोआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नातला शालू जुना व्हायच्या आत नवरा गेला आणि ती रत्नागिरीला माहेरी परत आली, ती लाल आलवणात, केस काढलेल्या डोक्यावर पदर ओढून. देवळातला उत्सव, हळदीकुंकू, कुणाची मुंज, कुठेच तिला जाणं नव्हतं. तिचा मुलूख म्हणजे घरामागचं आगर. माड, पोफळी, विहीर आणि पलीकडून वाहणारा वहाळ. तेवढ्या मुलखात उतरणारं पाखरू मात्र तिने एकही सोडलं नाही. विहिरीवर पाणी काढताना हात दोराला आणि डोळे माडाच्या शेंड्याला. माझी आई म्हणायची, "वन्सं, एक दिवस पोहऱ्याच्या आधी तुम्हीच खाली जाल."

एकदा मी तिला सांगितलं, खाचरात दोन पक्षी आहेत, एक मातकट आणि एक पांढरा. ती म्हणाली, एकच आहे तो, ढोकरी. बसली की चिखल, उडाली की दूध. मी जाऊन हुसकावलं, तर खरंच! त्या मातीच्या गोळ्यातून पांढरेशुभ्र पंख निघाले. मला वाटतं, तिच्याकडून मी जे शिकले त्याची सुरुवात तिथे झाली.

काळ्या पाखरांची तर ती परीक्षाच घ्यायची. कावळ्याची मान राखी, नर कोकिळेचा डोळा लाल, कोतवालाची शेपूट टोकाशी दुभंगलेली. "पण कोतवालाला शेपटीवरून कशाला ओळखायचं?" ती म्हणायची. "एवढासा जीव घारीच्या पाठी लागलेला दिसला की तो कोतवाल. घरट्याजवळ तो कुणाची गय करत नाही."

एका वैशाखात माझा चुलतभाऊ अण्णा विषमज्वराने गेला. त्याची बायको, आमची वहिनी, जेमतेम अठराची. केस काढायला ती तयार नव्हती. तिचे सासरे, म्हणजे माझे काका, मवाळ माणूस. तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाही, असा त्यांनी तिला शब्द दिला होता. भावकीत मात्र त्यावरून धुसफूस चालू होती.

दहाव्याचे पिंड आमच्याच आगराच्या कडेला, वहाळाकाठी उंडीच्या झाडाखाली ठेवले होते. पुरुषमंडळी दूर जाऊन उभी राहिली. आम्ही बायका मागच्या दारात. कावळे पलीकडच्या माडावर होते, पण शिवेनात. एखादा खाली यायचा, उंडीजवळ आला की वळायचा. अण्णाच्या नावाने जे जे सांगायचं ते सगळं सांगून झालं. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू. पण भावकीतले थोरले नाना ऐकेनात. घराकडे तोंड करून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्याचा जीव बायकोच्या केसांत अडकलाय. न्हावी बसलाय गोठ्याच्या पडवीत. आता तरी शब्द द्या त्याला."

काका खाली बघत राहिले. आत वहिनी उठली. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. हळूच म्हणाली, "आत्या, मी तयार आहे म्हणून सांगा. त्यांना तिष्ठत नको ठेवायला."

आत्या पिंडांकडे बघतच नव्हती. ती बघत होती उंडीकडे. "थांब," ती म्हणाली. "कावळा रुसलेला नाही, भ्यालाय."

आणि पदर सावरून ती सरळ पुरुषांत गेली. दहाव्याच्या जागी बाई, तीही सोवळी! काकांना म्हणाली, "दादा, उंडीवर कोतवालाचं घरटं आहे, पिल्लं आहेत त्यात. तो कावळ्याला खाली उतरू देत नाही. पिंड तिकडे उघड्या कातळावर ठेवा."

नाना कडाडले, की बाईमाणसाने इथे बोलायचं नसतं.

"धर्माचं तुम्हीच बोला, नाना. मी पाखरांचं बोलत्ये."

तेवढ्यात एक कावळा पुन्हा खाली आला, आणि उंडीतून काळी ठिणगी सुटावी तसा कोतवाल निघून त्याच्या पाठीवर आदळला. सगळ्यांनी पाहिलं. काकांनी भटजींकडे पाहिलं, भटजींनी मान हलवली. पिंड कातळावर गेले. थोड्याच वेळात माडावरून एक कावळा उतरला, तिरपा तिरपा उड्या मारत आला आणि शितं घेऊन गेला. वहिनी दारातच खाली बसली आणि दहा दिवस न रडलेली ती पोर तेव्हा रडली. न्हाव्याला चहा पाजून परत पाठवलं. नाना पुढे जन्मभर टोमणे मारत राहिले, पण काकांनी तो विषय पुन्हा निघू दिला नाही.

पावसाळा सरून आगबोटी सुरू झाल्या, तशी काकांनी वहिनीला शिकायला पुण्याला पाठवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी आत्या पुढच्या दारी आली नाही. अशा वेळी तिने समोर यायचं नसे. म्हणून वहिनीच विहिरीवर तिच्या पाया पडायला गेली, मी तिचं बोचकं घेऊन मागे.

उठताना वहिनीने विचारलं, "आत्या, तुमच्या वेळी कावळा शिवला नव्हता का हो?"

आत्या पोहरा काठावर ठेवत म्हणाली, "लगेच शिवला होता गो. पिंड ठेवायचाच अवकाश."

आत्याने वहिनीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला, वेणी पाठीवर सोडली, आणि बोट कुणासाठी थांबत नाही, म्हणून आम्हा दोघींना तिथून घालवलं.