मी न दिलेली ओ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर आजवर एकावरही माझा विश्वास बसलेला नाही. तळोज्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. रीडिंग विचित्र आलं की आम्ही आधी इन्स्ट्रुमेंटवर संशय घेतो, मग ते घेणाऱ्या माणसावर, आणि दोन्ही ठीक निघाले तर सॅम्पल पुन्हा मागवतो. या अनुभवाचं सॅम्पल पुन्हा मिळणार नाही. आणि रीडिंग घेणारा माणूस, म्हणजे मी, फारसा भरवशाचा नाही. ते पुढे कळेलच.

मी चोपन्न वर्षांचा, राहायला सुकापूरला. एझ्रा माझा कॉलेजपासूनचा मित्र. तो पनवेल गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचा. बेने इस्राएल — म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. बँकेत अधिकारी होता. शनिवारी त्याचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, म्हणून आमचे ट्रेक कायम रविवारी.

गोष्ट पाच वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमधली. पनवेलहून बाइकने तासाभरावर, पूर्वेच्या डोंगरांत एक वाडी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वाट धोक्याची आहे आणि हे वाचून कोणी तिकडे जायला नको. वाडीच्या दोन्ही बाजूंनी दोन धारा वर चढत जातात आणि मागे एका खिंडीपाशी एकमेकींना मिळतात. वरून पाहिलं तर घोड्याच्या पायाचा नाल ठेवल्यासारखं दिसतं. मधे खोल दरी. डावीकडच्या धारेने चढायचं, खिंड गाठायची, उजवीकडच्या धारेने उतरून परत वाडीत — एका दिवसात. पूर्ण रस्ताभर समोरची धार डोळ्यांसमोर असते. या ट्रेकसाठी मी आधी दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा बरोबरच्या माणसांमुळे अर्ध्यावरून परतलो होतो. ते मला फार लागलं होतं.

पहाटेच निघून सात वाजता वाडीतल्या पहिल्या घरापाशी बाइक लावली. त्या घरात हिराबाई म्हणून एक आजी राहायच्या.

“दोगंच जनं?” त्यांनी विचारलं. “वर पानी नाय हां. हितूनच भरून घ्या.”

“आजी, हा मला परत आणेल ना?” एझ्राने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

“तुमचा मानूस तुमाला ठावं,” त्या म्हणाल्या.

डाव्या धारेवर अर्ध्या वाटेत वीसेक फुटांचा कातळाचा टप्पा आहे. मी आधी चढलो आणि एझ्राला दोर लावून वर घेतलं. तो हलक्या अंगाचा नाही, बराच वेळ गेला. पुढे खिंड दिसायला लागली आणि तिथेच घात झाला. नोव्हेंबरात गवत वाळून गुळगुळीत होतं. त्याचा पाय त्यावरून सटकला आणि गुडघा पिरगळला. सूज दिसत होती. उभा राहिला, चार पावलं टाकली, पण चेहरा पांढराफटक.

अकरा वाजले होते. त्याला घेऊन परतायला हवं होतं. आमच्यातला अलिखित नियमच तो — सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने चालायचं, एकत्र गेलेले एकत्र उतरतात. मी त्याला म्हटलं, “तू आल्या वाटेने हळूहळू जा. मी ही दुसरी धार पटकन करून येतो. तुझ्याआधी खाली असेन.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. “जा बाबा. नाहीतर वर्षभर माझं डोकं खाशील.”

“जाशील ना नीट?”

“नाही म्हटलं तर थांबणार आहेस?”

पाण्याची एक बाटली त्याला दिली आणि निघालो. दोर माझ्या सॅकमध्ये होता. घाईत राहून गेला, असं मी पुढे स्वतःला अनेकदा सांगितलं. राहून गेला नव्हता. खिंडीतून वळताना मला तो आठवला होता. परत जायला दहा मिनिटं लागली असती. मी गेलो नाही.

उजव्या धारेवर पाऊण तास चाललो असेन. वारा पडला होता. समोरून हाक आली.

आमची एक पद्धत होती. डोंगरात एकमेकांना “ओऽऽ” अशी हाक घालायची, ऐकणाऱ्याने लगेच ओ द्यायची. एक हाक म्हणजे कुठे आहेस. लागोपाठ तीन म्हणजे अडचण आहे, ये.

तीन हाका आल्या. थोड्या वेळाने पुन्हा तीन.

मी एका दगडाच्या आड बसलो. लपलो, असंच म्हणायला हवं. ओ दिली तर परत जावं लागणार. पुढे अवघड काही उरलं नव्हतं, तिसऱ्या खेपेला हा ट्रेक पूर्ण होत होता. गुराखी असेल कोणी, असं मी मनाला सांगितलं. एझ्राचा आवाज मी तीस वर्षं ओळखतो.

आणि मग समोरच्या धारेवरून उत्तर ऐकू आलं. “आलो रे... बस तिथेच.”

तो आवाज माझा होता.

माझाच प्रतिध्वनी म्हणावा, तर मी तोंडही उघडलं नव्हतं. उठून बघितलं. दरीपलीकडे, कातळाच्या टप्प्याच्या वर, एझ्राची पांढरी टोपी दिसली. तो बसलेला होता. वरच्या बाजूने त्याच्याकडे एक माणूस उतरत होता. निळा शर्ट, पाठीला लाल सॅक. मी स्वतःकडे पाहिलं — निळा शर्ट, लाल सॅक. तो माणूस एझ्राजवळ पोचला, वाकला, त्याला धरून उठवलं. मग दोघं कातळाच्या बाजूने, कारवीच्या झुडपांतून खाली जायला लागले. मी मोबाइल काढून झूम करून फोटो घेतला. त्यात दोन ठिपके आहेत. दोन आहेत, इतकंच खात्रीने सांगता येतं.

भीती वाटली का? नाही. इथेच माझी खरी लाज आहे. मला बरं वाटलं. कोणीतरी पोचलं, आता माझी गरज नाही. मी सॅक उचलली आणि पुढे निघालो. धार पूर्ण केली.

पावणेपाचला वाडीत उतरलो. एझ्रा हिराबाईंच्या ओटीवर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर ओलं फडकं.

“कुठे होतास?” तो म्हणाला. “बाइक बघून येतो म्हणालास आणि गायबच झालास.”

मी काही बोलायच्या आत आतून हिराबाई आल्या. “आवो, तुमचा च्या पार निवला. न पिताच गेलात. ठेवलाय थितंच.”

ओटीच्या कडेला कप होता. वर साय धरली होती. दोघंही माझ्याकडे बघत होते. सांगायचं असतं तर तोच क्षण होता. मी खाली बसलो, कप उचलला आणि तो चहा प्यायलो.

रस्त्यात मागे बसून एझ्रा एकदाच म्हणाला, “सुध्या, मला वाटलं होतं तू येणार नाहीस. सॉरी यार.” तो मला सॉरी म्हणाला. मी बाइक चालवत राहिलो.

दहा दिवसांनी त्याच्या घरी मलिदा होता. संकटातून माणूस सुटला, नवस फिटला की त्यांच्यात हा करतात — एलियाहू हनाबी, म्हणजे त्यांचा पैगंबर, अडल्याच्या मदतीला माणसाच्या रूपात येणारा, त्याच्या नावाने. ताटात गुळातले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि त्यांच्या हिब्रू प्रार्थना. रीना वहिनींनी पहिली ताटली माझ्यापुढे ठेवली. “सुधीरभाऊ, डॉक्टर म्हणाले, हा त्या कातळावरून एकटा उतरायला गेला असता तर काही खरं नव्हतं. तुम्ही होतात.” एझ्राचे काका, मुलगी, सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाल्लं. गोड होतं, एवढं आठवतं.

पुढची पाच वर्षं एझ्राने ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. मी नुसता हसायचो. लोक मला विनयशील समजायचे. मधे एकदा मी एकटाच जाऊन तो कातळ पाहून आलो. बाजूच्या कारवीत वाट नाही. माणूस उभा राहील इतकीही जागा नाही, खाली सरळ कडा आहे.

या वर्षी एझ्रा आणि वहिनी कायमचे मुलीकडे, इस्राएलला गेले. निघायच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे पुस्तकांचे खोके बांधायला गेलो होतो. वहिनी खाली भाजी आणायला गेल्या होत्या. मला वाटलं, हा माणूस आता सातासमुद्रापार ही गोष्ट सांगत बसणार, माझ्या नावाने... आणि मी बोललो. सगळं. दोर, दगड, हाका, चहा.

एझ्रा सुतळी ओढत होता. ओढायचा थांबला.

“दोर सॅकमध्ये आहे, हे माहीत होतं तुला?” त्याने इतकंच विचारलं.

“हो.”

त्याने सुतळीला गाठ मारली. मला वाटलं, आता जा म्हणेल. मग तो म्हणाला, “त्या दिवशी उतरताना मला समोरच्या धारेवर एक माणूस दिसला होता. निळा शर्ट. मी तुला — म्हणजे जो कोणी होता त्याला — म्हटलं, अरे तो बघ कोण एकटाच चाललाय, हाक मारू या. तो म्हणाला, राहू दे. तो येईल. वेळ लागेल त्याला.”

“आणि तू मला हे कधीच बोलला नाहीस?”

“मला वाटलं, कोणी ओळखीचा असेल तुझा.”

वहिनी आल्या. एझ्रा म्हणाला, “हिला तूच सांग.” मी पुन्हा सगळं सांगितलं. भाजीची पिशवी हातात तशीच धरून त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याला तुम्ही तिथे सोडलंत.”

“हो वहिनी.”

“आणि माझ्या घरी बसून मलिदा खाल्लात.”

“हो.”

त्या आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, भाजी धुतल्याचा. तासाभराने जेवायला हाक मारली तेव्हा तीन पानं होती. जेवताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण दोनदा वाढलं.

आता तुम्ही विचाराल, तो कोण होता? उन्हाने भास म्हणावा, तर मला आणि एझ्राला एकच भास कसा? आणि हिराबाईंनी चहा कोणाला दिला? त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना विचारायचं माझ्याकडून राहिलं... नाही, मी विचारलं नाही. वहिनींची एक श्रद्धा आहे, ती त्यांनी मला बोलून दाखवलेली नाही. माझ्याकडे तीही नाही. दोन ठिपक्यांचा एक फोटो आहे, बस.

मागच्या रविवारी एझ्राचा व्हिडिओ कॉल आला. तिथेही शेजारी मराठी बोलणारी घरं आहेत. एक म्हातारे गृहस्थ त्याच्या बाजूला बसले होते. एझ्राने फोन त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाला, “हा सुधीर. तुम्हाला सांगितलं ना, मला डोंगरात टाकून गेला होता, तो.”

गृहस्थांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. “खरं का हो?”

मी म्हटलं, “खरं आहे.”