ठिणगी विझल्यानंतर

आमच्या खाणावळीचं मोठं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं कडेला चिरलं, म्हणून मी ते सुमनताईंच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं. त्यांनी आधी ती चीर लख्ख घासली. ब्रशला लाल दोरा बांधलेला होता. "हा फक्त ॲल्युमिनियमसाठी. लोखंडाला लावला की वाया गेला," त्या म्हणाल्या. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम काही सांगत नाही, एकदम वितळून खाली बसतं. त्यांनी दिलेल्या काळ्या काचेतून मी पाहत होतो. आरशासारख्या चमकणाऱ्या वितळलेल्या थेंबामागे त्यांचा हात किती शांतपणे सरकत होता!

ठिणगी विझली. मी घाईचा माणूस, लगेच पातेल्याकडे वाकलो.

"थांबा हो! सांधा अजून कोवळा आहे. आत्ता हवा लागली तर काळा पडेल."

वेल्डिंगची टॉर्च त्यांनी सांध्यावर तशीच धरली होती. सांध्याला हवा लागू न देणारा गॅस तिच्यातून बारीक फुसफुसत होता. मनात आलं, आपण कुणाची समजूत घालतो, त्याचे डोळे पुसले गेले की लगेच चपला शोधतो. त्यानंतरचं थोडं बसणं राहूनच जातं.

फुसफुस थांबली. आजाऱ्याला झोप लागल्याची खात्री करून उशाशी बसलेल्याने उठावं, तशी सुमनताईंनी टॉर्च हळूच उचलली.