ओब्रादने निवडलेलं लाकूड

विदोसावाला लाकडांचा वीट आला होता. लग्न होऊन या डोंगरावर आली तेव्हापासून तेच चाललं होतं: उतरवा, रचा, झाका, घरात आणा, राख बाहेर टाका, की पुन्हा दारात ट्रॅक्टर हजर. यंदा घेतलेलं ओलं लाकूड वळचणीला वर्षभर वाळायचं आणि पुढच्या थंडीत शेगडीत जायचं. म्हणजे एक हिवाळा अंगावर असतानाच पुढच्याची हमाली सुरू. कंबर कधीच कामातून गेली होती.

खाली चाचक शहरात मुलाने, देयानने, फ्लॅटमधली एक खोली त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती. तिथे भिंतीतले नळ आपोआप तापतात. विदोसावाने एकदा त्यांना पाठ टेकून पाहिली होती, उठवेना. पण नवरा जाईल तर ना! ओब्रादचे डोळे मोतीबिंदूने गेल्यात जमा होते, मागच्या वर्षीच्या तापाने वासही कळेनासा झाला होता. तरी रविवारी त्याने देयानसमोर टेबलावर मूठ आपटली होती.

"ज्या दिवशी मला बुक्वा ओळखता येणार नाही, त्या दिवशी मुकाट्याने तुझ्या गाडीत बसेन. शब्द आहे माझा."

बुक्वा म्हणजे तिथलं जळणाचं खरं लाकूड, सावकाश जळणारं, सकाळपर्यंत निखारा धरणारं. आणि ओब्राद शब्दाचा पक्का. विदोसावाने ते बोलणं मनात जपून ठेवलं.

गुरुवारी सकाळी लाकूडवाला तिहोमिर ट्रॉली घेऊन आला. ओब्राद काठी टेकत बाहेर आला. एकेक ओंडका हाताने तोलून पाहिला, दोन ओंडके एकमेकांवर आपटून कान दिला, कापलेल्या टोकाला नाक लावलं. सवयीनेच, दुसरं काय.

"बुक्वा. सगळं बुक्वा," तो म्हणाला.

"काका, तुम्हाला फसवून मी कुठे जाणार?" तिहोमिर म्हणाला.

विदोसावा दोन पावलांवर उभी होती. ओब्रादच्या हातात पॉपलर होतं. ओलं पॉपलरही जडच लागतं, पण ते कागदासारखं भुर्रकन जळून जातं. वरचा एक थर तेवढा बुक्वाचा, खाली सगळं तेच भरलेलं. लहान पोरालाही दिसलं असतं.

एक वाक्य बोलायचा अवकाश, की आठवड्याभरात चाचक. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात ओब्राद तिच्याकडे तोंड करून हसला.

"बघितलंस ना, बाई? नाक गेलं, पण हात अजून खोटं बोलत नाहीत. थांब, याला घोटभर राकिया आणतो, घरची दारू."

तो भिंत चाचपडत आत गेला. ती तरातरा ट्रॉलीपाशी आली.

"हे पॉपलर उचल आणि चालता हो. संध्याकाळच्या आत बुक्वा आण. काकांना एक अक्षर कळता कामा नये."

"पण काकू, काकाच म्हणाले की..."

"काका म्हणाले ते बरोबरच आहे. त्यांनी बुक्वा घेतलंय, तू बुक्वा दे. आंधळ्याला लुबाडतोस, लाज नाही वाटत?"

तिहोमिर खजील झाला, पण जीभ कुठली गप्प बसते. "तुम्हीच तर गावभर सांगत फिरता, आम्ही चाललो म्हणून. मग पुढच्या वर्षीचं लाकूड हवंय कशाला?"

विदोसावाला एकदम फार थकल्यासारखं झालं, तिथेच मातीत बसावंसं वाटलं.

"आण म्हटलं ना," एवढंच ती म्हणाली. ओब्राद राकिया घेऊन आला तेव्हा तिहोमिर ट्रॅक्टर सुरू करत होता. "चुकून दुसऱ्याची ट्रॉली आणली म्हणे त्याने," तिने सांगून टाकलं. "तुझी मागून येतेय."

अंधार पडता पडता खरं लाकूड आलं. ओब्रादने पुन्हा तोललं, पुन्हा आपटलं, आणि "सकाळसारखंच आहे," म्हणाला. ती वळचणीला थर लावत राहिली. कंबर ठणकत होती.

इतक्यात फोन वाजला. देयान होता. ओब्राद जवळच बाकावर बसला होता. म्हणून ती मुद्दाम मोठ्याने बोलली.

"यंदा नको रे, बाळा. तुझ्या बाबांना लाकूड अजून ओळखता येतं."