गिलावा न केलेलं घर

मलकापूरला बाबांचं घर मी बांधलं. म्हणजे नकाशा माझा आणि हट्टही माझाच. पुण्याहून आर्किटेक्चर शिकून नुकतीच परतले होते. भिंत विटेची असेल तर विटेचीच दिसली पाहिजे, बाकी सगळी थापेबाजी, असं आमचे सर शिकवायचे. मागच्या शतकात एवढ्याच मुद्द्यावरून युरोपातली भलीभली माणसं हमरीतुमरीवर आली होती. मी सपाट छप्पर, उघडी वीट आणि उघडं काँक्रीट असं घर उभं केलं. नक्षी नाही, रंग नाही, गिलावा तर नाहीच.

वास्तुशांतीला जो तो जेवून हात पुसता पुसता बाबांना विचारी, "गुरुजी, प्लास्टर कधी करून राह्यले?" शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेतलं, "मिस्त्री पळून गेला काय वो?" निवृत्त मास्तर असलेले बाबा प्रत्येकाला शांतपणे सांगत, "झालं ना घर. असंच असते हे. पोरगी शिकून आली." मी मनातल्या मनात सगळ्यांना अडाणी ठरवून मोकळी झाले.

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "एक सांग पोरी. माह्या बापाचं घर असंच होतं. वर मातीचं सपाट धाबं, भिंतीले ना रंग ना चुना. त्याले कोणी मॉडर्न काऊन नाही म्हनलं? नोकरी लागल्यावर मी पहिले त्या भिंतीले चुना मारला."

मी पुस्तकं पुन्हा काढली. असल्या बोडक्या घरांची टर उडवणारे आर्किटेक्टही पुढच्या काळात निघाले होते. दोन्ही बाजूंचं वाचलं आणि पंचाईत अशी की दोन्ही पटलं.

आधीच्या भाड्याच्या घरी बाबा रोज संध्याकाळी पेपर घेऊन ओट्यावर बसत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. इथे ते मागच्या दाराशी बसायला लागले. महिनाभरानं ते माझ्या लक्षात आलं आणि लाज वाटली. न विचारताच मी मिस्त्रीला बोलावलं. तो समोरच्या भिंतीवर पाणी मारत होता, तेवढ्यात बाबा बाहेर आले.

"कोनं बोलावलं तुले? पोरीनं बांधलं घर. हात लावू नको."

मला रडू आलं, ते कशाचं हे अजून सांगता येत नाही. मिस्त्री घमेलं उचलून गेला. बाबांनी पेपर घेतला आणि मागच्या दाराशी जाऊन बसले.