कडी कुणी बसवली

थोर दिग्दर्शकांचे सिनेमे रविवारी सकाळीच का दाखवायचे, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्या वेळी माणसाच्या पोटात नुसता चहा असतो, आणि पडद्यावरची माणसंही तासन् तास काही खात नाहीत. तरीही कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी खडकीहून डेक्कनपर्यंत सायकल हाणत जायची आणि फिल्म सोसायटीचा एकही खेळ चुकवायची नाही. मला ते सिनेमे मनापासून आवडायचे. घरी मात्र मी 'अभ्यासाला लागतात' असं सांगून ठेवलं होतं.

तेव्हा घरबसल्या सिनेमा बघायची सोय नव्हती. सोसायटीकडे फिल्मचे डबे यायचे, एक खेळ व्हायचा आणि डबे पुढच्या गावाला जायचे. पाहिलं ते पाहिलं, राहिलं ते राहिलं. पुन्हा बघून खात्री करू म्हणाल तर त्या दिग्दर्शकाच्या देशात जावं लागलं असतं.

सोसायटीचे सर्वेसर्वा म्हणजे आमचे इंग्रजीचे सर. उन्हाळ्याच्या सुट्टीत सिनेमाच्या रसग्रहणाचा महिनाभराचा वर्ग भरणार होता आणि आमच्या कॉलेजातून दोघांनाच पाठवायचं होतं. सरांनी निबंध ठेवला. त्या वर्षी एका परदेशी थोर दिग्दर्शकाचे तीन सिनेमे दाखवले गेले होते. त्यांतले दोन निवडायचे आणि का निवडले ते लिहायचं.

"'मला आवडले म्हणून' असं लिहायचं असेल तर लिहू नका," सर म्हणाले. "कागद महाग झालाय."

मला त्या वर्गाला जायचंच होतं. इतकं दुसरं काही हवंसं वाटल्याचं मला आठवत नाही. पण बाबांनी अट घातली. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे थोडी चूक झाली तरी छप्पर जागेवर राहत नाही, त्यामुळे त्यांना मोघम काही चालत नसे.

"निवड झाली तर जा," ते म्हणाले. "नाही झाली तर मे महिन्यापासून टायपिंगचा क्लास. आमच्या ऑफिसात मुलींच्या जागा निघणार आहेत."

त्यात ना राग होता ना दमदाटी. सरळ हिशोब होता, म्हणूनच त्यावर भांडता येईना.

आता तीनातले दोन निवडायचे कसे? माझ्याजवळ एकच पद्धत होती. आमच्या कारखान्याच्या क्वार्टर्सच्या ओळीत टॉकीजला जाणं सगळ्या बायकांना जमत नसे. लहान मुलं, नवऱ्याची पाळी, पाहुणे, काही ना काही आडवं येई. म्हणून एकीनं सिनेमा पाहून यायचा आणि बाकीच्यांना दुपारी ओट्यावर बसून सांगायचा, असा रिवाज होता. शाळेपासून ते काम माझ्याकडे होतं. त्याचे नियम कडक होते. गाणी म्हणून दाखवायची, नायिकेची साडी सांगायची, आणि मध्येच 'पुढचं आठवत नाही' म्हणायची सोय नाही. एकदा मी तसं म्हटलं तर समोरच्या काकू म्हणाल्या होत्या, "मग गेली होतीस कशाला? थंड हवा खायला?"

तर त्या थोर दिग्दर्शकाचे तिन्ही सिनेमे मी ओट्यावर सांगितलेले होतेच. निबंधाच्या निमित्तानं पुन्हा सांगायला घेतले. आई तांदूळ निवडत होती, समोरच्या काकू लसूण सोलत होत्या आणि कोपऱ्यातल्या वहिनी, ज्या लग्न होऊन गावाकडून आल्या होत्या, त्या नुसत्याच ऐकत होत्या.

पहिल्या सिनेमात नोकरी गेलेला एक शिक्षक समुद्रकिनाऱ्यावरून चालत राहतो. मी त्याचं मन, लाटा, आभाळ वगैरे सगळं लावून सांगितलं.

"आन् ह्याची बायकू कुठं हाय?" वहिनींनी विचारलं.

"ती दाखवली नाहीये."

"दाखवली न्हाई म्हंजी घरात हाय. आन् हा हिंडतोय."

त्या माणसाची कीव येणं कायमचं बंद झालं आणि तो सिनेमा बाद झाला. सरांना हे कारण लिहून देता आलं नसतं, पण माझ्या मते ते पुरेसं होतं.

दुसऱ्या सिनेमात दोन भाऊ एकाच घरात राहतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. परदेशात हे फार भयंकर समजतात म्हणे. आमच्याकडे सगळ्यांना ते लगेच पटलं. चूक धाकट्याची की थोरल्याची यावर काकूंचं आणि आईचं इतकं वाजलं, की संध्याकाळपर्यंत त्याही एकमेकींशी बोलेनात. हा सिनेमा घ्यायचा हे तिथंच ठरलं.

तिसरा सिनेमा सगळ्यांचा लाडका होता. एक विधवा बाई, पावाची भट्टी चालवणारी. तिच्या मागच्या दाराची कडी तुटलेली असते, म्हणून ती ते दार रोज रात्री सुतळीनं बांधते. तिच्याकडे एक भाडेकरू राहायला येतो. दोघं फारसं बोलत नाहीत. हिवाळा जातो, आणि एका पहाटे तो तिला न उठवता निघून जातो. ती उठते, त्याची रिकामी खोली बघते, दिवसभर पाव भाजते. रात्री दार बांधायला सुतळी घेऊन जाते, तर दाराला नवी कडी बसवलेली. जाण्याआधी त्यानं बसवलेली असते. ती सुतळी हातात घेऊन उभी राहते, आणि सिनेमा संपतो.

इथे ओट्यावर दर वेळी तांदूळ, लसूण सगळं थांबायचं. कोपऱ्यातल्या वहिनी पदरानं डोळे पुसायच्या. हा सिनेमा मी वर्षभरात कितीदा सांगितला असेल, देव जाणे. मागच्या ओळीतल्या बायका खास तो ऐकायला यायच्या. एकीनं तर "ते कडीचं तेवढं सांग" म्हणून फर्माईश केली होती.

कॉलेजातही एक गिऱ्हाईक होतं. आमच्या वर्गात एक दाढीवाला होता. खांद्याला झोळी, तोंडात सतत 'अवकाश' आणि 'काळ'. पण नारायण पेठेतल्या त्याच्या घरी रविवारी बाराच्या ठोक्याला पानं वाढली जात, आणि जो पाटावर नसेल त्याला संध्याकाळपर्यंत काही मिळत नसे. त्यामुळे जगातल्या एकाही थोर सिनेमाचा शेवट त्यानं पाहिलेला नव्हता. पावणेबाराला तो उठायचा, आणि सोमवारी मला चहा पाजून उरलेला भाग ऐकून घ्यायचा.

मी निबंध लिहिला. दोन भाऊ एका पानात उरकले आणि बाकी सगळा निबंध कडीवर लिहिला. प्रेम हा शब्द न उच्चारता प्रेम कसं दाखवावं, हे या दिग्दर्शकाकडून शिकावं, असं मी लिहिलं. लिहिताना मलाच हुंदका आला. निवड झाल्यात जमा आहे, असं धरून मी सायकलला नवी घंटी लावून घेतली.

आठवड्यानं सरांनी मला आणि दाढीवाल्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. आम्ही एकमेकांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. दोघंच जाणार, आणि बोलावलेलेही दोघंच.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपण दोघांनी मिळून सिनेमा काढलाय का? मुहूर्ताला बोलवायचं होतंत."

आम्हाला कळेना.

"कडी," सर म्हणाले. "दोन्ही निबंधांत कडी आहे. या दाढीवाल्या महाशयांनी तर तिच्यावर पडलेल्या तिरप्या प्रकाशाबद्दल दोन परिच्छेद लिहिलेत. मी हा सिनेमा इथं पाहिला, मुंबईत पाहिला, दिल्लीत पाहिला. कडी मला कुठंच दिसली नाही. भाडेकरू जातो, बाई दार सुतळीनं बांधते, सिनेमा संपतो."

माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. मी म्हटलं, "सर, आपल्याला नीट आठवत नसेल."

स्टाफरूममधल्या बाकीच्या दोन प्राध्यापकांनी पेपर खाली घेतले. सर शांतपणे म्हणाले, "शक्य आहे. आपण आठवून सांगा. कडी कशी होती?"

मी डोळे मिटले. ती बाई, हातातली सुतळी, दार, सगळं लख्ख दिसलं. दारावरची कडीही दिसली. सरकारी हिरवा रंग फासलेली, एका बाजूला पोपडे उडालेली. अख्खा सिनेमा काळापांढरा होता, आणि मला दिसत होती ती आमच्या क्वार्टर्सची कडी होती.

मग हळूहळू सगळं वर आलं. पहिल्यांदा सांगितलं त्या दुपारी वहिनी म्हणाल्या होत्या, "म्हंजी गेला तसाच? एवढं खाल्लं-प्याला, आन् काईच न करता गेला?" बाकीच्याही माझ्याकडे बघत बसल्या होत्या. तशा बघत असताना 'हो, तसाच गेला' म्हणायचा मला धीर झाला नव्हता. मी कडी बसवून दिली. नंतर इतक्यांदा ती बसवली, की ती तिथं पहिल्यापासूनच होती, अशी माझीच खात्री झाली.

"सर," मी म्हटलं, "ती कडी माझी आहे."

"आणि प्रकाश?" सरांनी दाढीवाल्याकडे वळून विचारलं.

दाढीवाल्यानं अवकाशात पाहिलं.

सरांनी माझा निबंध पुन्हा चाळला. "आलेल्यांत सगळ्यांत चांगलं लिहिलंय ते आपण," ते मला म्हणाले. "पण तिकडे आहे तो सिनेमा बघायला शिकवतात. नसलेला बघणाऱ्याला मी कोणत्या तोंडानं पाठवू?"

दुसऱ्या दोघांची नावं लागली. त्यांनी दोघांनीही समुद्रकिनाऱ्यावरचा तो शिक्षक निवडला होता, याचा राग मला अजूनही आहे.

ओट्यावर बातमी सांगितली तेव्हा माझ्या पराभवाचं कुणालाच फारसं काही वाटलं नाही. त्यांचा सगळा राग सरांवर निघाला.

"कडी नाही म्हणजे काय?" काकू म्हणाल्या. "आम्ही काय वेड्या आहोत का? त्यांनाही बाराला जेवायला जायचं असेल. उठून गेले असतील शेवटी."

"काकू, खरंच नाहीये. मी घातलेली ती."

"तू गप. तुला सरांनी घाबरवलंय."

संध्याकाळी बाबा आले. ते हातपाय धुऊन खुर्चीवर बसेपर्यंत मी दाराशी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. वर्ग गेला, मेपासून टायपिंग, ठरल्याप्रमाणे. कडीचंही सांगितलं. ते रागावतील, निदान हसतील तरी, असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"म्हणजे तो तसाच निघून जातो?"

"हो."

"आणि ती परत सुतळीच बांधते?"

"हो, बाबा."

ते जरा अस्वस्थ झाल्यासारखे दिसले. "तुझ्या आईनं मला सांगितलं होतं ते कडीचं," ते म्हणाले. "मी आमच्या सेक्शनमध्ये दोघातिघांना सांगितलं. सगळ्यांना फार आवडलं. आता त्यांना काय सांगू?"

"सांगू नका काही."

"नाहीच सांगणार." त्यांनी माझा निबंध मागून घेतला. बराच वेळ तो डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ धरून बघत होते. बाबांनी माझं लिहिलेलं काही वाचायला घ्यायची ती पहिलीच वेळ. माझं अक्षर शाळेपासून बदनाम होतं, त्यांना दोन ओळी धड लागेनात.

"क्लासला जायचं ते जायचंच," कागद परत देत ते म्हणाले. "ऑफिसच्या जागांचं मागाहून बघू. पण हे असं हातानं लिहून मासिकाला पाठवलंस तर छापणाऱ्याला वाचता कसं येणार?"

मी बरं म्हटलं, मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.