छपराची पट्टी

वर्गात आले की सर आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि टेबलावर पालथं ठेवायचे. तिथेच आम्ही एकमेकांकडे बघायचो. पालथं घड्याळ म्हणजे आज पुन्हा राजा.

“राजाला पैसे हवे होते,” सर सुरू करायचे. “एवढं एक समजलं की इंग्लंड समजलं.”

आम्हाला इंग्लंड समजून घ्यायचं नव्हतं हो. आम्हाला ‘लाइफ इन द यूके’ची परीक्षा पास व्हायचं होतं. या देशात कायमचं राहायचं तर ती द्यावीच लागते. पंचेचाळीस मिनिटं, चोवीस प्रश्न. त्यात सणवार येतात, खेळाडू येतात, कोणत्या संताचा दिवस कधी तेही येतं. मँचेस्टरच्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये सर दर शनिवारी सकाळी या परीक्षेचा वर्ग फुकट घ्यायचे. शिकवण्यात मन इतकं घालायचे की सोडून जायची लाज वाटायची, आणि इतके रेंगाळायचे की बसून राहायचा वैताग यायचा. तुम्हीही असा एखादा शिक्षक सोसला असेल.

हा राजा म्हणजे आत्ताच्या राजाच्याच नावाचा, पण पहिला. सतराव्या शतकातला. त्याचं आणि पार्लमेंटचं पैशांवरून वाजलं. हा पैसे मागायचा, ते म्हणायचे आधी आमच्या तक्रारी ऐका. शेवटी त्याने पार्लमेंटच घरी पाठवलं आणि अकरा वर्षं एकट्याने कारभार हाकला. आमच्या पुस्तकात हे सगळं दोन पानांत उरकलं होतं. सरांनी त्यावर पाच शनिवार घालवले.

“सर, ते स्कॉटलंडच्या सणांचं राहिलंय,” मी म्हणायचे.

“सण कुठे पळून जातात? दर वर्षी येतात,” असं म्हणून ते पुन्हा जहाजपट्टीकडे वळायचे.

जहाजपट्टी हा त्यांचा जीव की प्राण. आरमारासाठी समुद्रकाठच्या गावांनी द्यायची ही पट्टी राजाने आतल्या गावांवरही लावली, आणि पार्लमेंटला विचारलं नाही. बकिंगहमशायरच्या एका जमीनदाराने ती भरायला नकार दिला. रक्कम अगदी किरकोळ होती आणि माणूस गडगंज श्रीमंत. पण त्याच्यावर खटला झाला आणि निकाल राजाच्या बाजूने लागला. “पण काठावर!” सर टेबलावर बोट आपटत म्हणायचे. “बाराच्या बारा न्यायाधीश काही राजाला मिळाले नाहीत!” जणू त्या दिवशी कोर्टात हे स्वतः मागच्या बाकावर बसले होते.

सर मूळचे सांगलीचे. पन्नास वर्षांपूर्वी इथे आले, आणि कौन्सिलमध्ये पार्किंगच्या दंडावरची अपिलं वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. न वाचता सही केलेला कागद त्यांना अंगावर पाल पडल्यासारखा वाटे. एकदा हॉटेलात बिलावर सर्व्हिस चार्ज लागला होता, तर यांनी मॅनेजरला बोलावून विचारलं, “हा आम्ही मंजूर कधी केला?” आम्ही आठ जण कोट घालून दारात उभे. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, डोळे मिटून घेतले होते.

“त्या राजाला मारून पावणेचारशे वर्षं झाली,” काकू मला एकदा म्हणाल्या. “पण आमच्या घरातून त्याचं प्रेत काही उठत नाही बघ.”

मी ही परीक्षा एकदा नापास झाले होते. इसवी सनांत गडबडले. व्हिसा संपत आला होता आणि अर्ज करायच्या आधी पास होणं भाग होतं. पुढची तारीख मिळाली ती एका गुरुवारची, त्यामुळे तोवरचे शनिवार मला सोन्यासारखे होते. घरी पुस्तक उघडलं की झोप यायची. सरांसमोर निदान जागी राहायचे, आणि मध्येच कधी तरी ते उरलेला अभ्यासही घ्यायचे. घ्यायचे तेव्हा असा घ्यायचे की डोक्यात पक्का बसायचा.

नेमकं त्याच सुमारास हॉलचं छप्पर गळायला लागलं.

गळत खरंच होतं. स्टेजवर दोन बादल्या ठेवलेल्या असायच्या आणि गाण्याच्या कार्यक्रमात त्यांचा ठेका वेगळा ऐकू यायचा. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, उत्साही माणूस. कामाला भिडले की मागे बघायचे नाहीत. त्यांनी बिल्डर ठरवला, कोटेशन घेतलं आणि व्हॉट्सॲपवर कळवलं की प्रत्येक कुटुंबाने पन्नास पौंड छपराची पट्टी द्यायची. लोकांनी अंगठ्याचे इमोजी टाकले आणि पैसे भरले. मीही भरले. ग्रुपवर रोज यादी यायची, नावापुढे हिरवी खूण. दहा दिवसांत एकच नाव बिनखुणेचं उरलं.

“छप्पर हवंच,” सर मला म्हणाले. “मी कुठे नाही म्हणतोय? पण वर्गणीपेक्षा जास्त पैसे घ्यायचे तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. आपल्या मंडळाच्या घटनेत लिहिलंय. सभा बोलवा, ठराव करा, मी तिथल्या तिथे शंभर देतो.”

“सर, पाऊस सभेसाठी थांबणार आहे का?”

“तोच तर राजाचा मुद्दा होता! संकट आहे, वेळ नाही, आधी पैसे द्या.”

मी कपाळावर हात मारून घेतला. तुम्हीही मारला असता.

अध्यक्षही हट्टाला पेटले. ज्यांची पट्टी बाकी आहे त्यांना हॉल वापरता येणार नाही, असा मेसेज आला. नाव कोणाचंच नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. त्या शनिवारी आम्ही सात जण हॉलच्या बंद दारापुढे छत्र्या धरून उभे राहिलो. सरांनी वर्ग पायरीवरच सुरू केला. भिजलेल्या पुस्तकातून त्यांनी दहा मिनिटं शिकवलं, मग एकेक जण निसटला. शेवटी मी आणि ते उरलो.

“सर, भरून टाका ना. आमच्यासाठी तरी.”

“तुमच्यासाठीच भरत नाही,” ते म्हणाले. चष्म्याच्या काचांवर पाणी होतं, डोळे दिसत नव्हते.

मी ट्राममध्ये बसले ती धुमसतच. पन्नास पौंड! या माणसाला पेन्शन आहे, घर आहे, पासपोर्ट आहे. तत्त्वं परवडतात यांना. मला महिनाअखेर अर्ज करायचा होता. मंगळवारी ऑफिसात लंच ब्रेकमध्ये मी मंडळाच्या खात्यात पन्नास पौंड पाठवले आणि रेफरन्सच्या रकान्यात सरांचं नाव टाकलं. अध्यक्षांना फोन करून म्हटलं, “सरांची पट्टी आली आहे. यादीत खूण तेवढी करू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल.”

“चला, सुटलो एकदाचे,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही समजावलंत ना? थँक यू हं.”

मी नाही म्हटलं नाही.

शनिवारी हॉल उघडा होता. सर दारात थबकले, आत आले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला खाली बघावं लागलं. “बघा,” ते म्हणाले, “ठाम राहिलं की दार उघडतं.” त्या दिवशी ते जे शिकवत होते ते मी विसरणार नाही. राजा शिपाई घेऊन पार्लमेंटमध्ये शिरतो, पाच सभासदांना पकडायला. ते आधीच निसटलेले. राजा सभापतीला विचारतो, कुठे आहेत ते? सभापती गुडघ्यावर बसून सांगतो की सभागृहाने सांगितल्याशिवाय मला बघायला डोळे नाहीत की बोलायला जीभ नाही. बाहत्तर वर्षांचे सर खरोखर गुडघ्यावर बसले, आणि उठताना त्यांना खुर्ची धरावी लागली. नंतर दीड तास त्यांनी स्कॉटलंड, सण, खेळाडू, कोर्टं, सगळं घेतलं. खुशीत होते. मी मान खाली घालून सगळं उतरवून घेत होते.

रविवारी मंडळाचा कार्यक्रम होता. मध्यंतरात अध्यक्षांनी माइक घेतला. “छपराचं काम सोमवारपासून सुरू होतंय. शंभर टक्के वसुली झाली आहे. आणि एक स्पेशल थँक यू, आमच्या सरांनीसुद्धा पट्टी भरली!”

त्यांना वाटलं असणार, हा सलोख्याचा हात. लोक हसले. कडकडून टाळ्या वाजल्या.

सर तिसऱ्या रांगेत होते. ते उभे राहिले आणि हॉल शांत झाला. आता हे अर्धा तास बोलणार म्हणून कोणीतरी मागे उसासा सोडला. त्यांनी एकदा सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या होत्या.

“छप्पर चांगलं करा,” सर म्हणाले, आणि खाली बसले.

गुरुवारी मी पास झाले. चोवीस प्रश्नांत त्या राजावर एकही नव्हता.

संध्याकाळी पेढे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पेढा घेतला, अर्धा काकूंना दिला, स्कॉटलंडवर किती प्रश्न आले ते विचारलं. मी मध्येच म्हणाले, “सर, ते पैसे मी भरले होते.”

“माहितीये. रविवारी सगळे टाळ्या वाजवत होते. तू वाजवत नव्हतीस.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“मी भरले नाहीत म्हटलं असतं, तर कोणी भरले याचा शोध सुरू झाला असता. तुझी परीक्षा चार दिवसांवर होती.”

ते उठून आत गेले. आले तेव्हा हातात पाकीट होतं. मी नको, नको म्हणत राहिले. त्यांनी ते माझ्या पर्सवर ठेवलं. “तुझे पैसे मी ठेवून घेऊ शकत नाही,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. आत दहा दहाच्या पाच नोटा होत्या.

ट्रामस्टॉपवर पोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे शेवटी छपराची पट्टी सरांनीच भरली होती. अध्यक्षांना जे जमलं नाही ते मी करून दाखवलं होतं.

त्यानंतर सर हॉलमध्ये आले नाहीत. वर्गाचं विचारलं तर म्हणाले, आता ऑनलाइन खूप छान चाचण्या मिळतात. मंडळाचं सभासदत्वही त्यांनी नव्या वर्षी घेतलं नाही. कोणी त्याचा गवगवा केला नाही. खरं सांगायचं तर सभा लवकर संपायला लागल्या म्हणून लोक खूश होते. मीही कधीकधी खूश व्हायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. उन्हाळ्यात ते दोघं घर विकून लीड्सला मुलीजवळ राहायला गेले. निघताना फोन आला तो काकूंचा.

परवा काकू अचानक भेटल्या. जुन्या मैत्रिणीकडे आल्या होत्या, ट्रामची वाट बघत उभ्या होत्या.

“सर कसे आहेत?”

“मजेत. तिथल्या लायब्ररीवाल्यांना छळतात. मीटिंगचे मिनिट्स मागतात.”

आम्ही दोघी हसलो. मग मी विचारलं, “माझं नाव काढतात का कधी?”

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “काढतात ना. म्हणतात, पोरगी हुशार आहे. विचारायला आली असती तर मी तिला रोज संध्याकाळी आपल्या किचनमध्ये बसवून शिकवलं असतं.”

किचनमध्ये. त्याला ना हॉल लागला असता, ना अध्यक्ष, ना पन्नास पौंड. मला सुचलंच नव्हतं.

काकूंची ट्राम आली. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि चढल्या.