चार घरं, एक बॅटरी

वस्तू एकाच घरात राहिली तर तिची वॉरंटी संपते. चार घरांत फिरली तर वॉरंटीही संपते आणि वर किस्से जमतात! विजय नगरमधल्या आम्हा चार मराठी शेजारणींचा बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर असाच फिरता. महिन्यात आठवडे चार, घरं चार.

घेतला तो आमच्यातल्या थोरल्या शेंडे काकूंमुळे. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. दिवाणाखालचा केर निघत नाही, खोलीतला प्लगही पार खाली, दिवाणामागे; वायरवाली मशीन लावायची कुठं? आणि कोणाला "जरा काढून दे" म्हणणं त्यांच्या जिवावर येतं.

नेपियर टाउन बाजारातला हिंदी दुकानदार म्हणाला, "बैटरी दो-तीन साल आराम से चलेगी."

"और फिर?" बँकेतल्या मेश्राम मॅडमनी विचारलं.

"फिर नई डलवा लेना, दीदी!"

आम्ही हसलो आणि मशीन घेऊन आलो.

*

पहिले दोन महिने मशीन ज्या घरी जाई तिथं डिस्चार्ज होऊनच पोचे. प्रत्येकीला वाटे, पुढची करेल चार्ज. रेखा वहिनी वैतागल्या, "माझ्याकडं येते तं मेलेलीच येते!"

काकूंनी निवाडा दिला. "शेजारणीचा डबा कधी रिकामा परत करतो का आपण? मंग बॅटरी काहून रिकामी पाठवून राहिल्या?"

त्या दिवसापासून मशीन फुल चार्ज होऊन फिरू लागली.

*

एकदा रेखा वहिनींकडे गेले, तर त्या आधी झाडून घेत होत्या आणि मग त्याच जागेवर मशीन फिरवत होत्या.

"अहो, मग मशीन कशाला?"

"बॅटरीवर लोड नको पडायला!"

*

मी घड्याळ लावून बसायचे. सुरुवातीला एका चार्जमध्ये तीन खोल्या व्हायच्या. पुढे नुसता हॉल. तिसऱ्या वर्षी सोफा, तोही अर्धा! मेश्राम मॅडम म्हणाल्या, जास्तीची एक बॅटरी आत्ताच घेऊन ठेवू. दुकानदार म्हणाला, "रखे-रखे भी खराब होती है, दीदी."

काकू विचारात पडल्या. "लोणचं ठेवलं तं मुरते. हे काहून सडते?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

*

शेवटी बॅटरी पार गेली. नवी जवळजवळ मशीनच्या अर्ध्या किमतीला! माझ्या घरी बैठक बसली. आम्ही तिघींनी ठरवलं, त्यापेक्षा वायरवाला घेऊ. "वायर म्हातारी होत नाही!" असं मीच म्हणाले. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे बाई," आणि चहा पिऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडची मशीन माझ्याकडे आली, सोबत चकल्यांचा डबा. तसाच डबा मेश्राम मॅडमकडे आणि रेखा वहिनींकडेही गेला. प्रत्येकीला निरोप एकच: "बॅटरी तं भरत नाही आता, म्हणून डबा भरून पाठवला."

मला फार लाज वाटली. काकूंचा दिवाण मी साफ विसरले होते. कोणालाच न सांगता मी बॅटरी मागवली आणि पत्ता काकूंचा दिला.

*

आठवड्यानं काकूंचा फोन आला, "मशीन घेऊन ये वं."

गेले तर मेश्राम मॅडम आणि रेखा वहिनी आधीच तिथं, माना खाली घालून. टेबलावर एकसारखी तीन खोकी.

काकूंनी एक बॅटरी मशीनला लावली, दिवाणाखालचा केर काढला, मग उरलेल्या दोन खोक्यांकडे बघत विचारलं, "ह्या फ्रीजमधी ठिवू का?"